खिन्न नायकाची जन्मकथा

कथा-कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून एक तरुण आपल्याला वारंवार भेटतो. तो फार बोलत नाही. घरात मेजवानी चालू असता तो खिडकीशी एकटाच उभा असतो. त्याच्या कपाळावर आठी असते. ती कशामुळे पडली हे तो कोणास सांगत नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द, समाजाचे नियम, राजाची आज्ञा, यांपैकी कशाचाही त्याला धाक वाटत नाही. पूर्वी त्याच्या हातून काहीतरी भयंकर घडले असावे, किंवा त्याच्यावर काही भयंकर गुदरले असावे, असा वाचकाला संशय येतो. पण लेखक ते गूढ पुरते उकलीत नाही. असा मनुष्य शेजारी राहावयास आला, तर आपण बहुधा त्याच्यापासून चार हात दूरच राहू. पुस्तकात मात्र आपण त्याच्या मागे मागे जातो, आणि सद्गुणी, हसतमुख नायकाची पाने भरभर उलटतो. असे का होत असावे?

या नायकाला युरोपीय साहित्यात एक नाव आहे. त्याला ‘बायरनी नायक’ म्हणतात. जॉर्ज गॉर्डन बायरन या इंग्रज कवीच्या नावावरून ते पडले. या नायकाची ओळख करून घ्यावयाची, तर आधी या कवीची ओळख करून घेतली पाहिजे. कारण नायक कोठे संपतो आणि कवी कोठे सुरू होतो, हे बायरनच्या काळच्या लोकांनाही नीटसे ओळखता आले नाही, आणि कवीनेही ते ओळखू दिले नाही.

बायरनचा जन्म २२ जानेवारी १७८८ रोजी लंडन येथे झाला. बाप लष्करात कप्तान होता, पण अतिशय उधळ्या. बायकोची सारी संपत्ती त्याने उडविली आणि मुलगा तीन वर्षांचा असतानाच तो फ्रान्समध्ये मरण पावला. आई मुलाला घेऊन स्कॉटलंडमधील ॲबर्डीन या गावी बेताच्या मिळकतीत दिवस काढू लागली. मुलाचे उजवे पाऊल जन्मतःच वाकडे होते. ते सरळ व्हावे म्हणून पुढे एका वैद्याने त्याचा पाय लाकडी साच्यात घालून आवळण्याचा उपाय केला. त्या अवस्थेत हा मुलगा लॅटिनचे पाठ घेत असे. एकदा शिक्षकाला त्याच्या वेदना पाहवेनात, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर त्याची खूण दिसणार नाही असे मुलाने त्यालाच आश्वासन दिले, अशी आठवण त्याच्या चरित्रात नमूद आहे. वेदना आहे, पण ती दिसू द्यावयाची नाही! पुढे ज्या नायकांनी सारा युरोप वेडावून सोडला, त्यांचा स्वभाव या एका उत्तरात सापडतो, असे मला वाटते.

१७९८ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, चुलत आजोबांच्या मृत्यूमुळे हा गरीब घरचा मुलगा एकाएकी उमराव झाला. नॉटिंगहॅमशायरमधील न्यूस्टेड ॲबी हा जुना मठवजा वाडा त्याच्या वाट्याला आला. पण वाडा पडका आणि डोक्यावर कर्ज. हॅरो येथील शाळा आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे त्याचे शिक्षण झाले. कॉलेजात कुत्रा पाळण्यास बंदी होती, म्हणून त्याने अस्वल आणून ठेवले. अस्वलाला बंदी असल्याचे नियमात कोठेच लिहिले नव्हते!

जमिनीवर तो लंगडत चाले. पाण्यात मात्र त्याचे व्यंग नाहीसे होई. १८०९ साली तो देशाटनास निघाला आणि पोर्तुगाल, स्पेन, माल्टा, अल्बेनिया, ग्रीस असा प्रवास करीत तुर्कस्तानात पोहोचला. तेथे ३ मे १८१० रोजी युरोप आणि आशिया यांच्यामधील हेलेस्पाँटची सामुद्रधुनी, जिला आज दार्दानेल्स म्हणतात, तो पोहून पार गेला. प्रवाह जोराचा होता. एक तास दहा मिनिटे लागली. कवितांपेक्षाही या पोहण्याचा त्याला अधिक अभिमान वाटे.

या प्रवासातून ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ हे दीर्घकाव्य जन्मास आले. त्याचा नायक सुखाला कंटाळून घर सोडतो आणि ओसाड किल्ले, जुन्या रणभूमी, उद्ध्वस्त देवळे पाहत हिंडतो. त्याला कशातच रस वाटत नाही, आणि वाचकाला मात्र त्याच्यात विलक्षण रस वाटतो! १८१२ च्या मार्चमध्ये हे काव्य छापले गेले, आणि पाचशे प्रतींची पहिली आवृत्ती तीन दिवसांत संपली. चोवीस वर्षांचा बायरन लंडनमधील सर्वांत प्रसिद्ध पुरुष झाला. दोन वर्षांनी आलेल्या ‘कॉर्सेअर’ या समुद्री चाच्याच्या काव्याच्या तर पहिल्याच दिवशी दहा हजार प्रती खपल्या. छापखान्यात अक्षरे हाताने जुळवीत त्या काळात, आणि तेही कवितेचे पुस्तक!

ही भूक वाचकांना कशाने लागली होती? १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा युरोपातील तरुणांना वाटले की, आता जुलूम संपणार, माणसे समान होणार. प्रत्यक्षात क्रांतीमागून रक्तपात आला, रक्तपातामागून नेपोलियन आला, आणि वीस-बावीस वर्षे युद्ध चालले. ते संपल्यावर जुने राजे पुन्हा आपापल्या सिंहासनांवर येऊन बसले. मोठ्या आशा बाळगून ज्यांची निराशा झाली, अशा पिढीला हसतमुख नायक खोटा वाटू लागला. ज्याने काहीतरी गमावले आहे आणि जो तरीही मान तुकवीत नाही, असा नायक त्यांना आपला वाटला.

हा नायक बायरनने शून्यातून निर्माण केला असे मात्र नव्हे. मिल्टन या कवीने १६६७ साली ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात सैतानाचे चित्र रेखाटले होते. देवाविरुद्ध बंड करून नरकात पडलेला हा सैतान दुष्ट खरा, पण पराभवानंतरही त्याचा ताठा कमी होत नाही. वाचकांना देवदूतांपेक्षा तोच अधिक लक्षात राहिला. बायरनने त्या सैतानाला माणसाचे कपडे चढविले आणि आपल्या काळात आणून सोडले. १८१७ सालच्या ‘मॅनफ्रेड’ या काव्यनाटकात आल्प्स पर्वतावर एकटा राहणारा नायक भुतांच्या सत्तेपुढे वाकत नाही आणि धर्मगुरूचा दिलासाही स्वीकारीत नाही. माझ्या अपराधाचा न्याय मीच करीन, या हट्टाने तो मरतो. त्या हट्टात भव्यता आहे. थोडा नाटकीपणाही आहे, हे आपण नजरेआड करू नये.

येथे तुम्हांला आपल्या महाभारतातील कर्णाची आठवण होईल. तोही मानी, तोही अपमानाने पोळलेला. ‘मृत्युंजय’ या शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या कादंबरीमुळे तर तो मराठी वाचकांच्या घरचाच झाला आहे. तथापि दोघांत एक महत्त्वाचे अंतर आहे. कर्ण का जळतो, हे आपल्याला प्रारंभापासून ठाऊक असते. रंगभूमीवर त्याला कुळ विचारले जाते, तेव्हा त्याच्या मनाला झालेली जखम आपण डोळ्यांनी पाहतो. बायरनी नायकाची जखम झाकलेली असते, आणि ती झाकलेली असण्यातच त्याचे अर्धे आकर्षण असते. म्हणूनच हा नायक वठविणे सोपे. पुष्कळ तरुणांनी केस अस्ताव्यस्त केले, गळपट्टे सैल सोडले आणि उदास मुद्रा धारण केली. जखम असो वा नसो, झाकण्याचा आविर्भाव कोणालाही करता येतो.

खुद्द बायरनजवळ निव्वळ आविर्भावच होता काय? याचे उत्तर त्याच वर्षीच्या एका प्रसंगात सापडते. नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कामगारांवर त्या सुमारास उपासमारीची पाळी आली होती. नव्या तऱ्हेच्या मागांमुळे थोड्या माणसांत पुष्कळ पण हलका माल निघू लागला, मजुरी घसरली आणि हात रिकामे झाले. संतापलेले कामगार रात्री जमून माग फोडू लागले. सरकारने यावर कायदा आणला, तो असा की माग फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा द्यावी. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी, म्हणजे ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ प्रसिद्ध होण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे, बायरन उमरावांच्या सभेत प्रथमच बोलावयास उभा राहिला, आणि तो या कायद्याविरुद्ध बोलला. ही माणसे गुन्हेगार नसून भुकेली आहेत, आपण तुर्कांच्या अमलाखालील प्रांत हिंडून आलो, पण असे हाल तेथेही पाहिले नाहीत, असा त्याच्या भाषणाचा रोख होता. सभेत बसलेल्या बहुतेकांना ते रुचले नाही. कायदा मंजूर झाला.

लंडनचे लोक थोड्याच दिवसांत त्याचे काव्य वाचण्यात गढून गेले. काल्पनिक दुःखी उमरावासाठी त्यांनी अश्रू ढाळले. खरोखरच उपाशी असलेल्या विणकरांविषयीचे भाषण बव्हंशी विसरले गेले. वाचक म्हणून आपण कोणासाठी रडतो, याचा विचार करावयास लावणारी ही गोष्ट आहे.

बायरन साधुपुरुष मुळीच नव्हता. तो उधळा होता, अहंकारी होता, आणि जवळच्या माणसांशी पुष्कळदा निष्ठुरपणे वागला. १८१५ साली त्याने विवाह केला. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्याला ॲडा ही मुलगी झाली. मूल जेमतेम पाच आठवड्यांचे असताना पत्नी त्याच्या वागण्याला कंटाळून माहेरी गेली. चोहोकडे निंदा होऊ लागली, आणि १८१६ च्या एप्रिलमध्ये बायरनने इंग्लंड सोडले. स्वदेशी तो जिवंतपणी परतला नाही, आणि मुलीचे तोंडही त्याला पुन्हा दिसले नाही.

इकडे त्याचा नायक मात्र देशोदेशी पसरला. रशियात पुश्किनने ‘येव्गेनी ओनेगिन’ लिहिले. त्यात एक मार्मिक प्रसंग आहे. तात्याना ही खेडेगावातील मुलगी ओनेगिनच्या रिकाम्या घरी जाऊन त्याची पुस्तके चाळते. भिंतीवर बायरनचे चित्र आहे. पुस्तकांच्या समासांतील खुणा पाहता पाहता तिच्या मनात येते की, ज्याच्यावर मी भाळले तो मनुष्य कोणाची नक्कल तर नसेल? लेर्मोन्तोव्हने १८४० साली आपल्या कादंबरीला ‘आमच्या काळाचा नायक’ असे नाव दिले. पण हा नायक म्हणजे साऱ्या पिढीच्या दुर्गुणांचे चित्र आहे, असे त्यानेच प्रस्तावनेत बजावले.

इंग्लंडातील हॉवर्थ या गावी एका धर्मोपदेशकाच्या मुली बालपणापासून बायरन वाचीत असत. १८४७ साली त्यांच्यापैकी दोघींनी या नायकाचे दोन अविस्मरणीय अवतार घडविले. एमिली ब्राँटीचा हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला अनाथ पोर. अपमान गिळून मोठा झाल्यावर तो सूड घेतो, आणि तो सूड निरपराध मुलांनाही भाजतो. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’मधील रॉचेस्टर हा वाड्याचा धनी असाच गूढ आणि उदास आहे. त्याच्या घरी शिकविण्यास आलेल्या जेनचे त्याच्यावर प्रेम जडते. पण त्याने आपली पहिली बायको माडीवर कोंडून ठेवली आहे आणि हे लपवून तो आपल्याशी विवाह करू पाहत होता, असे कळताच ती पहाटे एकटीच घर सोडून जाते. तिच्याजवळ पैसा नाही, आप्त नाहीत. रॉचेस्टर दुःखी आहे हेही तिला दिसते आहे. तरी ती जाते. या साऱ्या कथांत मला जेन अधिक धीट वाटते. दुःखी माणसाचा कळवळा येणे निराळे, आणि त्याचा अपराध पोटात घालणे निराळे, हे तिला कळले होते.

एक अवतार तर भयकथेत जाऊन बसला. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात बायरन जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होता, तेव्हा पॉलिडोरी नावाचा तरुण डॉक्टर त्याच्याजवळ होता. त्याच्या १८१९ साली छापल्या गेलेल्या गोष्टीतील रक्तपिपासू उमराव बायरनवरूनच बेतलेला होता. खानदानी, थंड नजरेच्या पिशाच्चांचा वंश तेथून सुरू झाला.

चित्रपटांच्या युगात हा नायक पडद्यावर आला. अमेरिकेत जेम्स डीन हा नट ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार-अपघातात चोविसाव्या वर्षी मरण पावला, आणि महिन्याभरातच ‘रिबेल विदाउट अ कॉज’ हा त्याचा चित्रपट लागला. त्यातील मुलगा श्रीमंतही नाही, उपाशीही नाही. घरात आपले कोणी ऐकून घेत नाही, एवढेच त्याचे दुःख. आपल्याकडे १९७५ सालच्या ‘दीवार’मध्ये सलीम-जावेद या लेखकद्वयाने मुंबईच्या गोदीतील हमाल विजय उभा केला. लहानपणी बूट पुसत असताना तो फेकलेले पैसे उचलण्याचे नाकारतो. बाप चोर असल्याचे लोकांनी त्याच्या हातावर गोंदलेले आहे. ते गोंदण कोणत्याही पैशाने पुसले जात नाही. अमिताभ बच्चन यांनी ही भूमिका केली. विजय वाईट मार्गाला लागतो आणि प्रेक्षकांचे मन तरीही त्याच्याकडेच ओढ घेते. बायरनच्या उमरावांपासून हा हमाल फार दूरचा दिसतो. पण त्याची जखम झाकलेली नाही, बाहीखाली कोरलेली आहे. या बाबतीत तो हॅरॉल्डपेक्षा कर्णाच्या जवळचा.

आता पुन्हा बायरनकडे वळू. आपल्या नायकाला कंटाळणाऱ्यांत तो स्वतः पहिला होता. १८१९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘डॉन जुआन’ या काव्यात त्याने उदास मुद्रेची मनसोक्त थट्टा केली. इकडे १८२१ साली ग्रीक लोकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला होता. जुलै १८२३ मध्ये बायरन इटलीतील जिनोआ बंदरातून ग्रीसला निघाला. जुनी हौस अजून सुटली नव्हती. होमरच्या वीरांना शोभतील अशी शिरस्त्राणे त्याने मुद्दाम करवून घेतली होती.

ती रणांगणावर कधीच चढली नाहीत. जानेवारी १८२४ मध्ये तो मिसोलाँघी या दलदलीच्या गावी उतरला. तेथे पाऊस होता, चिखल होता, आणि आपापसांत भांडणारे पुढारी होते. प्रत्येक गटाला बायरन आपल्या बाजूला हवा होता. त्याने एकाही गटाचा पक्ष न घेता सर्वांना एकजुटीचा आग्रह केला. ग्रीक आरमारासाठी त्याने स्वतःचे चार हजार पौंड दिले होते. सुलिओट सैनिकांचा पगारही तोच भरी, आणि तेच सैनिक वाढीव पगारासाठी दंगा करीत. पकडलेल्या तुर्की कैद्यांपैकी काहींना त्याने सोडवून त्यांच्या प्रदेशात परत पाठविले. लेपांटोच्या किल्ल्यावर चढाई करण्याचा बेत होता, तो तसाच राहिला. ‘कॉर्सेअर’चा कर्ता हिशेबाच्या वह्या तपासीत, पत्रे लिहीत आणि भांडणे मिटवीत बसला होता. अशा कामावर कोणी महाकाव्य लिहीत नाही.

एप्रिलमध्ये पावसात भिजल्याचे निमित्त होऊन तो तापाने अंथरुणाला खिळला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे वैद्यांनी वारंवार त्याचे रक्त काढले. त्याने तो अधिकच खचला. १९ एप्रिल १८२४ रोजी छत्तिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. एकाही लढाईत त्याने तलवार चालविली नव्हती. दुसऱ्या दिवशी मिसोलाँघीच्या तटावरून मिनिटामिनिटाच्या अंतराने सदतीस तोफा उडाल्या, कारण त्याला सदतिसावे वर्ष चालू होते. इंग्लंडात ही वार्ता पोहोचली तेव्हा चौदा वर्षांच्या एका मुलाने रानात जाऊन ती खडकावर कोरली. तो मुलगा म्हणजे पुढे राजकवी झालेला टेनिसन.

बायरनच्या मृत्यूने युरोपचे लक्ष ग्रीसकडे वेधले. १८२७ साली नाव्हारिनोच्या उपसागरात इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांच्या आरमारांनी तुर्की व इजिप्ती आरमार बुडविले, आणि १८३० साली ग्रीसचे स्वातंत्र्य मान्य झाले. हे एका कवीच्या मरणाने घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण ग्रीक लोक त्याचे ऋण आजही मानतात.

त्याचा देह इंग्लंडला आणला गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेने जागा नाकारली. तेथे त्याची स्मृतिशिला बसावयास १९६९ साल उजाडले. न्यूस्टेडजवळच्या हकनॉल गावच्या चर्चमध्ये त्याला पुरले. ॲडा तेव्हा आठ वर्षांची होती. बापाचे वेड मुलीत उतरू नये म्हणून आईने तिला कवितेपासून दूर ठेवून गणित शिकविले होते. ती मोठी गणितज्ञ झाली. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्रावर तिने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणांमुळे संगणकाच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतात. १८५२ साली तीही छत्तिसाव्या वर्षीच वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला हकनॉल येथे, जो बाप तिला आठवतही नव्हता त्याच्या शेजारी पुरण्यात आले.

स्वाध्याय

१. लॅटिनच्या शिक्षकाला लहानग्या बायरनने दिलेल्या आश्वासनावरून त्याच्या स्वभावाविषयी तुम्हांला काय वाटते?

२. कर्ण आणि बायरनी नायक यांच्यातील कोणते अंतर लेखकाने दाखविले आहे? ते तुम्हांला पटते काय?

३. जेन एअर पहाटे घर सोडून गेली. तिने तसे करावयास हवे होते काय? तुमचे मत दहा ओळींत लिहा.

४. तुमच्या आवडत्या पुस्तकातील किंवा चित्रपटातील एखादा अबोल, बंडखोर नायक घ्या. त्याचे बंड कोणासाठी आहे आणि त्याच्या वागण्याचा त्रास कोणाला सोसावा लागतो, हे शोधून वर्गात सांगा.